मेंदीचा लॉसोन आणि एकटा इलेक्ट्रॉन

नेरला आमच्या घरी लग्नकार्य निघालं की आदल्या दिवशी मेंदी भिजते. तळहातावर रंगतो तो तिच्यातला लॉसोन. हाच लॉसोन एक इलेक्ट्रॉन घेऊन मुक्तमूलक, म्हणजे जोडी नसलेला एकटा इलेक्ट्रॉन बाळगणारा रेणू, होतो आणि धातूच्या चुंबकत्वात भागीदार बनतो, हे मला एम.एस्सी.ला कळलं. तेव्हापासून या विषयाचा पिच्छा सोडवत नाही.

आमच्या प्रयोगशाळेत गूय तराजू होता. संयुगाची पूड काचनळीत ठासायची, नळी चुंबकाच्या ध्रुवांमध्ये लोंबती ठेवायची, प्रवाह सुरू करून वजनातला फरक टिपायचा. त्या मिलिग्रॅमांवरून एकटे इलेक्ट्रॉन मोजायचे. तांब्याच्या द्विसंयुजी आयनावर असा एकच. त्यामुळे उत्तर १.७३ बोर मॅग्नेटॉनच्या आसपास यायला हवं. कमी आलं की आम्ही नळी पुन्हा ठासायचो. धातूला धरून बसलेल्या सेंद्रिय लिगँडचा हिशेब कुणी करतच नव्हतं.

खरं तर स्थिर मुक्तमूलक गोम्बर्गने १९०० सालीच दाखवला होता. पण इलेक्ट्रॉन धातूचा की लिगँडचा हे सांगणं अवघड असतं, हा मुद्दा यॉर्गेन्सनने १९६६ मध्ये ठळक केला. १९८० मध्ये ब्यूकॅनन आणि पिअरपाँट यांना कोबाल्टच्या संयुगात तापमानानुसार इलेक्ट्रॉनची धातू आणि क्विनोन (लॉसोनच्याच कुळातला लिगँड) यांच्यात ये-जा दिसली.

तांब्याशेजारी मूलक आला की एकटे इलेक्ट्रॉन दोन होतात. त्यांच्या कक्षका एकमेकींत मिसळल्या तर स्पिन उलटसुलट जुळतात आणि चुंबकत्व शून्याकडे जातं. कक्षका एकमेकींना काटकोनात राहिल्या तर स्पिन समांतर होतात, उत्तर २.८३ पर्यंत चढतं. सगळा खेळ रेणूच्या भूमितीचा.

महाराष्ट्रात हा धागा पुणे विद्यापीठात सुभाष पाध्ये, संध्या राणे, सुनीता साळुंके-गवळी यांनी लॉसोनसारख्या नॅफ्थोक्विनोनांच्या संयुगांतून पुढे नेला. २००४ मध्ये लोह आणि लॉसोन यांच्या संयुगाची रचना व चुंबकत्व प्रसिद्ध झालं. पवईच्या आयआयटीत गौतमकुमार लाहिरी यांनी श्टुटगार्टच्या वोल्फगांग काइम यांच्यासोबत रुथेनियमच्या संयुगांत इलेक्ट्रॉनचा पत्ता शोधला.

जगात १९९१ मध्ये व्हॅनेडियम आणि टीसीएनई (टेट्रासायनोएथिलीन) या सेंद्रिय रेणूच्या मूलकांपासून खोलीच्या तापमानालाही टिकणारा चुंबक तयार झाला. २०२० मध्ये क्रोमियम-पायराझिनच्या चुंबकाने सुमारे २४० अंश सेल्सिअसपर्यंत मजल मारली.

आज विद्यार्थ्याच्या वहीत कमी उत्तर दिसलं तर मी त्याला नळी पुन्हा ठासायला सांगतो. दुसऱ्यांदाही तेच आलं, तर ते खोडू देत नाही. कदाचित लिगँडवरचा इलेक्ट्रॉन आपली हजेरी लावत असेल.