चेलो, अकॉर्डियन आणि आपली पेटी: चेंबर म्युझिक घरातच का ऐकावं?

'चेंबर' म्हणजे खोली. मोजक्या वादकांनी, मोजक्या श्रोत्यांसमोर, खोलीत बसून वाजवायचं पाश्चात्त्य संगीत म्हणजे चेंबर म्युझिक. छत्रपती संभाजीनगरात कुणाच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसून गाण्याची बैठक ऐकली असेल, तर ही कल्पना तुम्हाला नवी नाही.

अकॉर्डियनही अनोळखी नाही. 'आराधना'तल्या (१९६९) 'रूप तेरा मस्ताना'मध्ये ते केर्सी लॉर्ड यांनी वाजवलंय. आत तंत्र आपल्या पेटीचंच: भात्याची हवा धातूच्या पट्ट्या थरथरवते. अडचणही तीच. सूर ठरलेले, त्यामुळे मींड निघत नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, त्यामागचं हे एक मोठं कारण. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं!

इथे चेलो कामाला येतं. हे व्हायोलिनच्या कुळातलं, पण आकाराने मोठं. खुर्चीवर बसून गुडघ्यांमध्ये धरायचं. चार तारांखाली पडदे नसतात, त्यामुळे बोट हवं तिथे घसरतं. अकॉर्डियन एकदम अनेक सूर धरून ठेवतं, चेलो त्यावरून मींड घेतं. शिवाय भाता असो की गज, वाजता सूर हळूहळू फुगवता येतो. तबल्याच्या किंवा सतारीच्या एका आघाताला हे जमत नाही. सोफिया गुबाइदुलिना यांनी १९८२ मध्ये 'सेव्हन वर्ड्स' लिहिलं तेही चेलो, तंतुवाद्यं आणि बायानसाठी, म्हणजे बटणांच्या रशियन अकॉर्डियनसाठी.

मग घरातच का? अकॉर्डियनचं एक बटण दाबलं की भात्यातून नुसती हवा सुटते, सुराशिवाय. तो श्वास आणि तारेवरची गजाची खरखर दहा फुटांवरूनच ऐकू येते. यजमानांनी पंखा बंद केला, तर कुरकुर करू नका.