लोट्यात घरं महागली, पण नेमकी कितीने? बोर्डावरच्या दरामागचा हिशोब

शाळेत पालकसभा संपली की काही पालक मागे थांबतात. मुलाच्या अभ्यासाची चौकशी झाली की हळूच पिशवीतून एक कागद निघतो. "सर, मराठीत लिहिलंय, जरा वाचून सांगा ना." कधी तो बँकेचा कागद असतो, कधी तलाठ्याचा. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र या कागदांत एकच विषय वाढला आहे, तो म्हणजे नव्या इमारतीतला फ्लॅट.

असाच एक पालक मागच्या सुट्टीत भेटला. आखातात नोकरी, वर्षातून एकदा घरी. दोन वर्षांपूर्वी त्याने लोटे परिसरातल्या एका होऊ घातलेल्या इमारतीत घर 'बुक' केलं होतं. दर ठरला ३,२०० रुपये चौरस फूट, क्षेत्र ८४० फूट, म्हणजे २६ लाख ८८ हजार. त्याने ३ लाख रुपये रोख दिले आणि साधी पावती घेतली. बाकीचे पैसे जमवायला तो परत गेला. महिन्याला २० हजार बाजूला टाकत दोन वर्षांत ४ लाख ८० हजार जमवले. परत आला तर दर ३,९०० झाला होता. त्याच घराची किंमत आता ३२ लाख ७६ हजार. दोन वर्षं घाम गाळून जमलं ४ लाख ८० हजार आणि घर महागलं ५ लाख ८८ हजारांनी. म्हणजे निघाला तेव्हापेक्षा तो १ लाख ८ हजार रुपये मागेच पडला.

"सर, माझं चुकलं कुठे?" त्याने विचारलं. या लेखात आम्ही त्याच प्रश्नाचं उत्तर मांडतो आहोत, कारण आपल्या मोहल्ल्यांत, वाड्यांत हा प्रश्न घेऊन बसलेली घरं बरीच आहेत.

लोट्यातच भाव का वाढतात?

लोटे हे खेड तालुक्यातलं गाव. परशुराम घाटाच्या वर, मुंबई-गोवा महामार्गाला लागून. लोटे परशुराम एमआयडीसीत रासायनिक कारखाने आहेत. कारखाने आले की कामगार येतात, कंत्राटदार येतात, त्यांना खोल्या लागतात. त्यामुळे इथे घर घेणारे दोन प्रकारचे. एक राहण्यासाठी घेणारा आणि दुसरा भाड्याने देण्यासाठी घेणारा. दुसऱ्याला घाई नसते, पैसा तयार असतो. पहिल्याला त्याच्याशी स्पर्धा करावी लागते.

त्यात रस्ता. महामार्गाचं चौपदरीकरण रखडत का होईना पुढे सरकलं, कशेडीचा बोगदा वाहतुकीला खुला झाला. रस्ता सुधारला की जमीनमालक दर वाढवतो, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

आणि पाऊस. २२ जुलै २०२१ चा पूर चिपळूण अजून विसरलेलं नाही. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत आणि घराघरांत शिरलं. खेडलाही जगबुडीचं पाणी दर पावसाळ्यात धाकात ठेवतं. तेव्हापासून "घर घ्यायचं तर उंचावर" असं म्हणणारे आमच्याच ओळखीत कितीतरी आहेत. लोटे उंचावर आहे.

बांधकामाचा खर्चही आहेच. रेती, खडी, लोखंड, मजुरी सगळंच वाढलं. कोकणात जून ते सप्टेंबर बाहेरचं काम जवळजवळ बंद असतं. इमारत एक पावसाळा लांबली की बिल्डरच्या कर्जाचं व्याज चार महिने चालूच राहतं, आणि ते शेवटी दरातच येतं.

इथे लोक एक रास्त प्रश्न विचारतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, मग घरं स्वस्त का झाली नाहीत? त्याचं उत्तर असं की सिमेंट हा घराच्या खर्चातला एक भाग आहे, आणि जमीन, मजुरी, व्याज हे भाग त्याहून मोठे आहेत. शिवाय बाजारात दर ठरतो तो खर्चावर कमी आणि गिऱ्हाईक किती द्यायला तयार आहे यावर जास्त. तरी सौदा करताना हा मुद्दा काढायला हरकत नाही. बिल्डर "सिमेंट महागलं" म्हणाला, तर त्याला ही तारीख जरूर सांगा.

बोर्डावर ३,९००, खिशातून किती?

आता कागद-पेन घ्या. वर सांगितलेलंच घर धरू.

बोर्डावरचे ८४० फूट हे 'सुपर बिल्टअप' आहेत. त्यात जिना, भिंती, मोकळी जागा, सगळं धरलेलं. घराच्या आत जिथे तुम्ही चटई टाकाल, ती जागा म्हणजे कार्पेट. समजा ती ६०० फूट आहे. ३२ लाख ७६ हजाराला ६०० ने भागा. दर निघतो ५,४६० रुपये.

आता वरचे खर्च. चालू बांधकामाच्या घरावर जीएसटी लागतो. महानगरांबाहेर कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर १ टक्का, नाहीतर ५ टक्के. आपल्या घराला १ टक्का, म्हणजे ३२,७६०. मुद्रांक शुल्क ग्रामपंचायत हद्दीत ३ टक्के आणि जिल्हा परिषदेचा १ टक्का अधिभार, म्हणजे १,३१,०४०. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही, म्हणून ३०,०००. वीज मीटर, सोसायटी, आगाऊ मेंटेनन्स वगैरे मिळून समजा दीड लाख.

बेरीज होते ३६ लाख १९ हजार ८००. याला ६०० ने भागलं तर दर येतो ६,०३३ रुपये. बोर्डावर ३,९०० आणि प्रत्यक्षात ६,०३३. म्हणून दोन इमारतींची तुलना करायची तर बोर्डावरच्या दराने करू नका. दोन्हीकडे एकच प्रश्न विचारा, "सगळं धरून शेवटचा आकडा किती आणि कार्पेट किती?" रेरा कायद्याप्रमाणे बिल्डरला कार्पेट सांगावंच लागतं. उघड्या पार्किंगचे वेगळे पैसे मागितले तर तेही देऊ नका. उघडं पार्किंग विकता येत नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. मुद्रांक शुल्क करारातल्या किमतीवर किंवा सरकारी रेडी रेकनरच्या किमतीवर, यांत जी जास्त असेल तिच्यावर लागतं. १ एप्रिल २०२५ ला रेडी रेकनरचे दर वाढले आहेत. दुसरी गोष्ट सवलतीची. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते. वरच्या घरात हे ३२,७६० रुपये होतात. नवरा परदेशात आणि बायको इथे, अशा घरांना याचा आणखी एक फायदा. सही करायला ती स्वतः हजर असते, मुखत्यारपत्राची भानगड उरत नाही. आणि घर तिच्या नावावर असणं ही तिच्यासाठी काय गोष्ट आहे, हे वेगळं सांगायला नको.

कर्ज न घेणाऱ्यांचं काय?

आपल्यातली पुष्कळ घरं व्याजाच्या भीतीने बँकेची पायरी चढत नाहीत. हा मसला ज्याने त्याने उलेमांना विचारावा, आम्ही फक्त हिशोब मांडतो. बिनव्याजी खिडकी बँकांत सुरू करण्याचा प्रस्ताव रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बाजूला ठेवला, त्यामुळे तो रस्ता सध्या बंद आहे. कर्ज घेणारा आजच्या दराने घर घेतो आणि पुढे हप्ते फेडतो. कर्ज न घेणारा आधी पैसे जमवतो आणि उद्याच्या दराने घर घेतो. त्याची शर्यत वाढत्या दराशी असते.

त्या पालकाचं चुकलं ते इथे. त्याने पैसे दिले, पण दर बांधून घेतला नाही. साध्या पावतीने दर बांधला जात नाही, तो नोंदणीकृत करारनाम्याने बांधला जातो.

रेरा कायदा २०१६ चा. त्याचं कलम १३ सांगतं की नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. २६ लाख ८८ हजाराचे १० टक्के होतात २ लाख ६८ हजार ८००. म्हणजे ३ लाख घेतले तेव्हाच मर्यादा ओलांडली होती आणि करार करून देणं बिल्डरवर बंधनकारक होतं. हे त्या पालकाला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर काही वर्षांपूर्वी आम्हालाही माहीत नव्हतं.

महाराष्ट्रातल्या नमुना करारात किंमत पक्की असते. सरकारने लावलेले शुल्क वाढले तरच ती वाढू शकते, लोखंड महागलं म्हणून नाही. पैसेही एकदम द्यायचे नसतात. करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोतं झालं की ४५ पर्यंत, स्लॅब पूर्ण झाले की ७० पर्यंत, मग प्लास्टर, नळ, लिफ्ट असं पुढे, आणि शेवटचे ५ टक्के भोगवटा दाखला आणि ताबा मिळताना. नीट पाहिलं तर कर्ज न घेणाऱ्यासाठी ही बिनव्याजी हप्त्यांची सोय आहे, आणि तीही आजच्या दराने.

पण सावध राहा. हप्ता वेळेवर दिला नाही तर त्यावर व्याज लागतं, आणि तीन हप्ते चुकले तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन करार रद्द होऊ शकतो. म्हणून हा रस्ता त्याच्यासाठी, ज्याच्याकडे साधारण निम्मी रक्कम हातात आहे आणि उरलेली इमारत होईपर्यंत नक्की येणार आहे. भिशी, भावाकडून कर्ज-ए-हसना, आखातातली बचत, जे असेल ते आधी कागदावर मांडा. महिन्याला २० हजार वाचवणाऱ्याने ३२ लाखांच्या घराचा करार करणं म्हणजे दोन वर्षांनी नोटीस घेण्याची तयारी करणं आहे.

त्याच्यासाठी दुसरे दोन रस्ते आहेत. एक, पुनर्विक्रीचं किंवा भोगवटा दाखला मिळालेलं तयार घर. त्यावर जीएसटी नाही आणि काय घेतोय ते डोळ्यांनी दिसतं. दोन, गावातली स्वतःची जागा. चिऱ्याचं घर टप्प्याटप्प्याने बांधता येतं. या वर्षी जोतं, पुढच्या वर्षी भिंती. मात्र सात-बारावर किती नावं आहेत ते आधी बघा. दादांच्या काळातली नावं, परदेशातले चुलते आणि ज्यांचा हिस्सा आपण सोयीने विसरतो त्या बहिणी. त्यांचा हक्क आधी द्या किंवा त्यांची राजीखुशीने नोंदणीकृत संमती घ्या, मगच पाया खणा.

पैसे देण्याआधी हे बघा

महारेराचा नोंदणी क्रमांक मागा आणि मोबाईलवर संकेतस्थळ उघडून तिथे इमारत पाहा. मंजूर नकाशा, ताबा देण्याची तारीख, जमिनीवरचा बोजा, सगळं तिथे असतं. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा घरं आठपेक्षा जास्त नसतील तर रेरा नोंदणी लागत नाही. लहान गावात अशाच इमारती जास्त. पण तिथेही १९६३ चा मोफा कायदा आहे. नोंदणीकृत करार आधी हवाच, आणि आगाऊ रक्कम २० टक्क्यांच्या वर नाही.

जमीन बिनशेती झाली आहे का ते बघा. एक-दोन गुंठ्यांचे प्लॉट नोटरीच्या कागदावर विकणारे फिरत असतात. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

आणि लोट्यात असाल तर रात्री एकदा त्या जागी उभे राहा. वारा कुठून येतो, वास येतो का, विहिरीचं किंवा बोअरचं पाणी कसं आहे, शेजाऱ्यांना विचारा. एखादी इमारत बाकीच्यांपेक्षा स्वस्त असेल तर कधी कधी त्याचं कारण नाकालाच कळतं.

त्या पालकासोबत आम्ही बसलो. महारेराच्या संकेतस्थळावर त्याची इमारत सापडली, नोंदणी होती. त्याने बिल्डरला पत्र लिहिलं. ३ लाखांची पावती जोडली, कलम १३ चा उल्लेख केला आणि जुन्या दराने करार करून द्यावा अशी मागणी केली. पत्राची पोच घेतली. वकिलालाही दाखवलं. अजून उत्तर आलेलं नाही आणि त्याची सुट्टी संपली. विमानतळावर निघताना त्याने बायकोच्या हातात ती फाईल दिली आणि म्हणाला, "आता एक रुपया द्यायचा तरी आधी सरांना कागद दाखव."

आम्ही काही वकील नाही. पण कागद वाचून दाखवणं हे शिक्षकाचं कामच आहे. तुमच्या गावातही असा कोणी शिक्षक असेल. पैसे देण्याच्या आदल्या दिवशी त्याच्याकडे जा, दोन वर्षांनी नको.