अनुभवी ट्रॅक्टरचालकास सुरक्षिततेचे शिक्षण हवे काय?

दहा-पंधरा वर्षे ट्रॅक्टर चालविणाऱ्या मनुष्यास सुरक्षित चालनाच्या वर्गास जाण्याचे सुचविले, तर आता नवे काय शिकावयाचे राहिले, असा प्रश्न तो साहजिकच करतो. हा प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे. परवानाधारक वाहनचालकांना पुन्हा शिक्षण दिल्याने अपघात कमी होतात काय, याविषयीच्या चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २००३ साली प्रसिद्ध केला. तसा पुरावा त्यात आढळला नाही. तेव्हा केवळ व्याख्यान ऐकल्याने व प्रमाणपत्र मिळाल्याने चालक सुरक्षित होतो, असे मानू नये.

तथापि, अनुभव हा सर्वस्वी विश्वासू गुरू नव्हे. चुकीची रीत शंभर वेळा निभावून जाते, म्हणून ती योग्य वाटू लागते. आणि एखादे वेळी ती अंगाशी येते, तेव्हा सुधारण्यास अवसर राहत नाही. पुढील उदाहरणांवरून हे ध्यानात येईल.

ओढावयाचे वजन नेहमी ट्रॅक्टरच्या खालच्या ओढदांड्यासच जोडावे. ते मागील आसास किंवा त्याहून वर बांधल्यास पुढील चाके उचलली जातात व ट्रॅक्टर दीड-दोन सेकंदांत मागे उलटू शकतो. तेवढ्या वेळात क्लच दाबणे निष्णात चालकासही क्वचितच साधते.

शेतात वळण घेण्यासाठी ब्रेकची दोन पेडले वेगवेगळी वापरतात. रस्त्यावर येण्यापूर्वी ती कडीने एकत्र जोडलीच पाहिजेत. भरलेली ट्रॉली मागे असताना एकाच चाकास ब्रेक लागला, तर ट्रॅक्टर एकाएकी एका बाजूस ओढला जातो.

डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गिअर काढून टाकण्याची सवय घातक होय. त्यामुळे इंजिनाचा रोध नाहीसा होतो. वेग दुप्पट झाल्यास ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर सुमारे चौपट होते, हेही विसरू नये.

पी.टी.ओ.चा दांडा मिनिटास ५४० फेरे, म्हणजे सेकंदास ९ फेरे घेतो. धोतराचा सोगा त्यात अडकल्यास हात पुढे करण्यासही वेळ मिळत नाही.

अशा सवयी स्वतःच्या ध्यानात येत नाहीत. त्या दुसऱ्याने दाखवाव्या लागतात. म्हणून जे शिक्षण चालकाच्या स्वतःच्या ट्रॅक्टरवर, प्रत्यक्ष कृतीने दिले जाते व ज्याची काही दिवसांनी पुन्हा पाहणी होते, तेच अनुभवी चालकास हितावह होय. मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र शासनाची कृषियंत्र प्रशिक्षण संस्था आहे. परंतु प्रत्येकास तेथे जाणे शक्य नसल्याने, ग्रामसेवकांनी ऊसवाहतूक सुरू होण्यापूर्वी जाणत्या यंत्रज्ञाच्या साहाय्याने गावातच असे प्रात्यक्षिक घडवून आणावे. त्याच वेळी ट्रॉलीमागील तांबडे परावर्तक व ब्रेक तपासावेत, आणि मडगार्डवर कोणासही बसू देऊ नये.