यात्रेकरू आणि वारकरी

श्रोतेहो, पूर्वी गावातला कुणी काशीला निघाला म्हणजे काय होई, हे घरच्या म्हाताऱ्यांना विचारा. त्यांनी ते आपल्या आजोबांकडून ऐकलेले असेल. देणीघेणी फेडायची, वाटण्या सांगून ठेवायच्या, वेशीपर्यंत लोकांनी पोचवायला यायचे. माणूस परत येईलच असा भरवसा नसे. आला, तर मावंदे व्हायचे.

पण निघणारा प्रत्येकजण केवळ पुण्यासाठीच निघे असे समजू नका हं. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली निघाले ते घरावर कर्ज होते म्हणून. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तिथे दक्षिणा मिळेल, ही आशा. पुढे ते बंडाच्या धामधुमीत सापडले. कमाई लुटली गेली, पण आईवडिलांसाठी गंगा मात्र घेऊन आले. आता त्यांना काय म्हणाल, यात्रेकरू की पोटार्थी? मला तर दोन्ही वाटतात.

वारकऱ्याची गोष्ट निराळी. वारी म्हणजे फेरी, पुन्हा पुन्हा जाणे. काशी एकदा झाली की झाली. पंढरीचे तसे नाही. गळ्यात तुळशीची माळ घातली की आषाढी-कार्तिकी चुकवायची नाही. आणि आषाढी येते नेमकी पेरणीच्या दिवसांत! पाऊस लांबला, रान तयार आहे, बी घरात आहे, आणि पालखी तर निघाली. अशा वेळी घरात काय बोलणी होत असतील, ते तुम्हा शेतकऱ्यांना मी सांगायला नको. कुणी भावावर पेरणी सोपवून जातो, कुणी पेरणी उरकून मधेच दिंडी गाठतो.

गुरुजींनी मुलांना आणखी एक गोष्ट सांगावी. चोखोबा पंढरीचे वारकरी. पण देवळात जाण्याची त्यांना बंदी होती. त्यांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. ते १३३८ साली वारले. मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या १ मेपासून उपोषण करावे लागले. ते १० मेला सुटले. म्हणजे मधे सहाशे वर्षे गेली! एकमेकांना ‘माउली’ म्हणून पाया पडणारी ही माणसे. तरीसुद्धा इरावती कर्वे दिंडीबरोबर चालल्या, तेव्हा वाट एक, भजन एक, पण जेवणे जातवार वेगळी, हे पाहून त्यांना फार वाईट वाटले. त्यांनी ते लिहून ठेवले आहे.

आळंदी ते पंढरपूर अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. हल्ली पुण्यातले कितीतरी नोकरदार, कॉलेजातली मुलेमुली एक दिवस चालतात. दिवे घाट चढून सासवड गाठतात आणि रात्री एस.टी.ने घरी येतात. पाय सुजलेले, फोनमध्ये फोटो. याला वारी म्हणायची का? एखादा जुना माळकरी साफ नाही म्हणेल. मी त्या मुलाला एवढेच विचारीन, “काय रे, पुढच्या वर्षी येणार का?”