फॅट किती लागली, हे कुठं ठरतं?

मलकापूरहून आंब्याकडे जाताना कडवीच्या खोऱ्यातल्या गावांत पहाटे डेअरीपुढं किटल्यांची रांग लागते. दूध काट्यावर चढतं, थोडा नमुना टेस्टरच्या नळीखाली जातो आणि मिनिटभरात आकडे उमटतात: फॅट (चरबी) आणि एसएनएफ (चरबी सोडून उरलेले घनपदार्थ). त्यावरच दर निघतो. शाहूवाडी तालुक्यातल्या अशा कितीतरी घरांचा महिन्याचा खर्च या आकड्यांवर चालतो. म्हणूनच टेस्टरचं सेटिंग ही केवळ मेकॅनिकची बाब नाही.

स्विस रसायनतज्ज्ञ निकलाउस गर्बर यांच्या जुन्या पद्धतीत १०.७५ मिलि दुधात सल्फ्युरिक आम्ल घालून नळी फिरवत. सुटी झालेली चरबी डोळ्यांनी मोजता येई. अल्ट्रासॉनिक टेस्टर चरबी बाहेर काढत नाही. तो दुधातून ध्वनिलहरी सोडतो. पाणी तापवलं की ध्वनी त्यातून जास्त वेगानं जातो, चरबी तापली की तिच्यातून मंदावतो. नमुना वेगवेगळ्या तापमानांना मोजून, वेगातल्या फरकावरून यंत्र चरबीचा हिशेब करतं. आता तो हिशेब कोणत्या दुधाचा, हे मात्र माणसानं सांगावं लागतं. म्हशीच्या दुधातले चरबीचे गोलक मोठे, घनपदार्थ जास्त. म्हणून गाय आणि म्हैस यांची सेटिंग वेगळी. बटण बदलायचं राहिलं, तर चांगल्या दुधाचाही आकडा चुकतो. धारेचा फेस न बसता नमुना घेतला तरी तेच; हवेचे बुडबुडे ध्वनी विखुरतात.

टेस्टरच्या सेटिंगमध्ये फॅट थोडी वर-खाली करायची सोयही असते. यंत्र गर्बरशी जुळवण्यासाठी ती हवीच. पण दरपत्रक एकेका पॉइंटनं, म्हणजे ०.१ फॅटनं सरकतं. ही दुरुस्ती कधी, किती आणि कुणी केली, याची नोंद वहीत नसेल तर ती मला मान्य नाही.

काट्याची गोष्ट आणखी नवलाची. इलेक्ट्रॉनिक काटा खरं तर वस्तुमान मोजत नाही, पृथ्वीच्या ओढीचं बल मोजतो. ही ओढ विषुववृत्तावर ९.७८ मी/से², ध्रुवावर ९.८३. शाहूवाडी सुमारे १७ अंश उत्तरेला, त्यातही डोंगरावर. इथं ती ९.७८च्या आसपास. जर्मनीत ९.८१ धरून जुळवलेला काटा तसाच इथं ठेवला तर किलोमागं जवळपास ३ ग्रॅम कमी दाखवेल, आणि तोटा दूध घालणाऱ्याचा. त्यामुळं काटा जिथं वापरायचा, तिथंच प्रमाणित वजनं ठेवून जुळवावा लागतो. वैधमापन विभागाकडून त्याची दरवर्षी पडताळणी आणि मुद्रांकन व्हावं लागतं. काटा १० ग्रॅमच्या टप्प्यानं मोजतो की १०० ग्रॅमच्या, हेसुद्धा सेटिंगच. १०० ग्रॅमच्या टप्प्यात खालचा अंश सोडून दिला, तर दोन वेळच्या धारेत रोज दोनशे ग्रॅमच्या जवळपास जाईल इतकं दूध हिशेबाबाहेर राहू शकतं.

यंत्रावरच्या तारीख-वेळेकडंही बघा; घड्याळ चुकलं तर सकाळचं दूध संध्याकाळच्या खात्यावर पडू शकतं.

उद्या डेअरीत गेलात की सचिवांना एवढंच म्हणा: काट्यावरचा शिक्का दाखवा, आणि टेस्टर गाईवर आहे की म्हशीवर, तेही दाखवा.