साष्टी आंदणात आली नव्हती

पोर्तुगिजांनी इंग्रजांना मुंबई आंदण दिली आणि तिच्याबरोबर ठाणेही गेलं, हा समज इतका मुरला आहे की कळव्याच्या पुलावरून रोज ये-जा करणाऱ्यांनाही तो खटकत नाही. 1661 च्या विवाहकराराने इंग्रजांना मिळालं ते मुंबई बेट. ठाणे ज्या साष्टी बेटावर आहे, ते पोर्तुगिजांनी हातचं सोडलं नाही. उलट कल्याणहून खाडीने मुंबईकडे जाणाऱ्या मालावर ते ठाण्यात जकात घेत राहिले आणि इंग्रज कुरकुरत राहिले. पुलाच्या ठाणे बाजूला आज जे मध्यवर्ती कारागृह आहे, तो मुळात पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला किल्ला. तो पुरा होण्याआधीच, 1737 मध्ये, मराठ्यांनी ठाणे जिंकलं. 1739 मध्ये वसईही पडली. इंग्रजांनी साष्टी घेतली ती पोर्तुगिजांकडून नव्हे, पेशव्यांकडून, तीही ठाणे मराठ्यांकडे गेल्यावर 37 वर्षांनी.

मग ती राघोबादादांनी देऊन टाकली, असं म्हटलं जातं. दादांना बोल लावायला जागा पुष्कळ आहे, पण इथे तारखा आड येतात. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने ठाण्याचा किल्ला सर केला डिसेंबर 1774 च्या अखेरीस. दादांशी सुरतेचा तह झाला मार्च 1775 मध्ये. आधी कब्जा, मग कागद. पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला येतंय, म्हणून घाई करावी लागली, हा इंग्रजांचा बचाव. तशी आवई होती हे खरं, पण साष्टी-वसई मिळवण्याच्या सूचना घेऊन त्यांचा वकील मॉस्टिन 1772 मध्येच पुण्यात पोचला होता. सुरतेचा तह तर खुद्द कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने अमान्य केला. साष्टी मात्र सोडली नाही! 1776 च्या पुरंदर तहानंतरही ती कंपनीकडेच राहिली आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने तिच्यावर शिक्कामोर्तब झालं.

ठाण्याबरोबर कळवाही इंग्रजी झाला असेल, असं आजच्या एका महापालिकेत राहून वाटणं साहजिक आहे. पण खाडीच्या अलीकडचा, कळव्याच्या बाजूचा कल्याण प्रांत पेशव्यांचाच होता. 1780 मध्ये इंग्रजांनी कल्याण घेतलं खरं, पण सालबाईनंतर ते परत द्यावं लागलं. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं इकडे पेशवाई आणि समोर कंपनी सरकार, मधे फक्त भरती-ओहोटीचं पाणी. कळव्याकडचा हा काठ इंग्रजांकडे गेला तो 1817 च्या पुणे तहाने.