फिल्टर बसवण्याआधी विचारा: नॉइज कुठल्या वाटेने जातोय?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी तीन आठवडे चुकीच्या फिल्टरवर घालवले. थ्री-फेज इन्व्हर्टरचा नॉइज मर्यादेबाहेर जात होता. मी फेजांच्या मध्ये एक्स कॅपॅसिटर वाढवत गेले, पण ग्राफ जागचा हलेना. कारण साधं होतं: नॉइज त्या वाटेने जातच नव्हता.

वाटा दोन असतात. एका फेजमधून जाऊन दुसऱ्या फेजमधून परत येतो तो डिफरन्शियल मोड. तिन्ही फेजमधून एकाच दिशेने जाऊन अर्थिंगमधून परततो तो कॉमन मोड. इन्व्हर्टरमध्ये स्विचवरचं व्होल्टेज झपाट्याने बदलतं, आणि स्विच व हीटसिंक यांच्यात आपोआप तयार झालेल्या कॅपॅसिटन्समधून करंट अर्थिंगमध्ये शिरतो. एक्स कॅपॅसिटर फक्त पहिली वाट सांभाळतो. दुसरीसाठी कॉमन मोड चोक आणि वाय कॅपॅसिटर लागतात.

मग वेगळं कसं करायचं? १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात प्रत्येक फेजला लिसन जोडून ५० ओहमवरचं व्होल्टेज मोजतात. तिन्ही व्होल्टेजची सरासरी म्हणजे कॉमन मोड. ती प्रत्येक फेजमधून वजा केली की उरतो डिफरन्शियल मोड. या तीन उरलेल्या आकड्यांची बेरीज शून्य यायलाच हवी. हिशोब तपासायला हे कामाला येतं.

गंमत पुढे आहे. समजा तीन फेजवर ६, ३, ३ मिलिव्होल्ट आहेत. सरासरी ४, म्हणजे कॉमन मोड जास्त. आता ६, −३, −३ घ्या. सरासरी शून्य! सगळा डिफरन्शियल मोड. पण स्पेक्ट्रम अॅनालायझर फक्त आकारमान दाखवतो, त्यामुळे एकेक फेज मोजली तर दोन्ही वेळा ६, ३, ३ असंच दिसतं. म्हणजे हव्या त्या माहितीवरच आपण पाणी सोडतो.

म्हणून एक तर तिन्ही फेज ऑसिलोस्कोपवर एकाच वेळी पकडून गणित करायचं, नाहीतर ट्रान्सफॉर्मरचा सेपरेटर वापरायचा. सेपरेटरवरही आंधळा विश्वास नको. तिन्ही इनपुटना एकच सिग्नल द्या. डिफरन्शियल आउटपुट जवळपास शून्य यायला हवं. तिथे जेवढं गळतं, तेवढी तुमच्या मोजमापाची मर्यादा.

मी हे केलं, तेव्हा जवळजवळ सगळा कॉमन मोड निघाला. मापन अर्ध्या दिवसाचं होतं. तुम्ही ते आधी करा. तीन आठवडे वाचतील.